लाकडी माडीची कंपने कशी तपासावीत : बडोद्यातील जुन्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा आणि मांडवीच्या आसपास कडीपाटाची, म्हणजे लाकडांवर फळ्या टाकून माडी केलेली, अनेक घरे आजही राहती आहेत. त्यांपैकी काही घरांत तीन-तीन पिढ्यांचा संसार माडीवर झाला आहे. या घरांतून येणारी सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे "माडी हलते". तक्रार ऐकताच वरून सिमेंटचा थर ओतण्याची घाई केली जाते, आणि त्यामुळे चांगली माडी बिघडते, असा माझा ठाम अनुभव आहे. हलणारी माडी आधी मोजावी आणि नंतरच तिला हात लावावा. पुढील उत्तरे याच आग्रहातून लिहिली आहेत. त्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत किंवा तुळईपर्यंत जाणाऱ्या लहान लाकडांना कड्या, त्यांना पेलणाऱ्या मोठ्या लाकडाला तुळई आणि दोन टेकूंमधील अंतराला गाळा म्हटले आहे.

माडीवर चालताना जमीन हलते. घर धोकादायक झाले आहे असे समजावे का?

केवळ हलण्यावरून तसे समजू नये. लाकडी जमीन हलकी असते आणि काँक्रीटच्या स्लॅबच्या तुलनेत पुष्कळ लवचीक असते, त्यामुळे ती पावलागणिक थोडी कंप पावणारच. ती भार पेलू शकते का हा ताकदीचा प्रश्न आहे, तर तिच्यावर बसलेल्या माणसाला अस्वस्थ वाटते का हा सोयीचा प्रश्न आहे. दोन्हींची तपासणी वेगळी आणि उत्तरेही वेगळी. अनेक माड्या जाणवण्याइतक्या हलतात, पण ताकदीने पूर्ण भक्कम असतात. उलट जाड कोब्याखाली दबलेली, जराही न हलणारी माडी एका सडलेल्या टोकावर उभी असू शकते.

चिंता करावी ती बदलाची. गेल्या वर्षापर्यंत न हलणारी माडी यंदा हलू लागली, एकाच कोपऱ्यात जास्त हलू लागली, किंवा हलण्याबरोबर जमीन एका बाजूला कललेली दिसू लागली, तर कंपनाचा विचार बाजूला ठेवून आधी लाकूड तपासून घ्यावे.

पावलाने जमीन एवढी का हलते?

माणूस साधारण चालीने चालतो तेव्हा सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो. रमतगमत चालणारा दीडच्या आसपास, तर घाईत असणारा अडीचपर्यंत जातो. म्हणजे पावलांची मूळ वारंवारता १.५ ते २.५ हर्ट्झ एवढी असते. परंतु टाच टेकणे, भार पुढे सरकणे आणि बोटांनी रेटा देणे यांमुळे पावलाचा जोर एकसारखा चढत-उतरत नाही, आणि म्हणून त्या जोरात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट आणि चौपट वारंवारतेचे अंशही मिसळलेले असतात. मूळ अंश शरीराच्या वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास असतो. चौथा अंश जेमतेम ५ टक्क्यांच्या घरात येतो.

प्रत्येक जमिनीची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते, म्हणजे धक्का देऊन सोडल्यावर ती सेकंदाला ठरावीक वेळा कंप पावते. यांपैकी एखादा अंश तिच्याशी जुळला की अनुनाद होतो, म्हणजे झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या लहान-लहान धक्क्यांनी झोका वाढत जावा तसे कंपन पावलागणिक वाढते. चौथा अंश फार तर १० हर्ट्झपर्यंत पोहोचतो, आणि घरातील नेहमीच्या चालीत तो ८ हर्ट्झच्या आसपास संपतो. राहत्या घराच्या लाकडी जमिनीची नैसर्गिक वारंवारता ८ हर्ट्झपेक्षा जास्त असावी, ही युरोकोड ५ या लाकडी बांधकामाच्या युरोपीय मानकातील अपेक्षा याच कारणातून आली आहे. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात झालेले ओल्सन यांचे संशोधन या तरतुदींच्या मुळाशी आहे.

आमच्या माडीची नैसर्गिक वारंवारता उपकरणांशिवाय काढता येईल का?

अंदाजापुरती नक्कीच येईल. दोन्ही टोकांना टेकलेल्या आणि सारखा भार असलेल्या कडीसाठी एक सोपे सूत्र आहे. कायम वजनाने कडी मध्यावर जेवढे मिलिमीटर वाकते त्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि १८ ला त्याने भागावे; उत्तर हर्ट्झमध्ये मिळते. वाक ४ मिलिमीटर असेल तर वारंवारता ९ हर्ट्झ आणि वाक ९ मिलिमीटर असेल तर ६ हर्ट्झ. मात्र हा वाक गणिताने काढायचा आहे. आज डोळ्यांना दिसणारा झोल धरायचा नाही, कारण जुन्या लाकडात सततच्या भाराने आलेला कायमचा झोलही त्यात मिसळलेला असतो.

नमुन्यादाखल एक खण, म्हणजे दोन टेकूंमधला माडीचा एक भाग, घेऊ. गाळा ३.६ मीटर, म्हणजे सुमारे बारा फूट. सागाच्या कड्या १०० मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर उंच असून ४५० मिलिमीटरवर बसवलेल्या आहेत. वर २५ मिलिमीटरच्या फळ्या आणि त्यांवर माती-चुन्याचा ७५ मिलिमीटरचा थर आहे. सागाचा ताठपणा, म्हणजे स्थितिस्थापकता गुणांक, १०,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरू आणि घनता ६५० किलो प्रति घनमीटर. कड्या आणि फळ्या मिळून दर चौरस मीटरला सुमारे ४० किलो होतात. थर धरला की एकूण वजन १७० किलोच्या पुढे जाते. या वजनाने कडी ५.८ मिलिमीटर वाकते आणि वारंवारता येते सुमारे ७.५ हर्ट्झ.

हा आकडा नीट पाहावा. ७.५ ला चारने भागले की १.९ येतात, आणि सेकंदाला १.९ पावले ही घरातल्या माणसाची अगदी सहज चाल आहे. या खणात कोणी स्वयंपाकघराकडे चालत गेले की पलंगावर पडलेल्या माणसाला ते जाणवणारच.

हिशेब फक्त कड्यांचा केला तर चालेल का?

कड्या दोन्ही बाजूंनी जाड भिंतींवर टेकल्या असतील तर चालेल. पण दिवाणखान्यासारख्या मोठ्या दालनात कड्या तुळईवर टेकतात आणि तुळई स्वतःही वाकते. अशा वेळी दोन्हींचे वाक एकत्र करून सूत्रात घालावे लागतात. वरच्या खणात तुळईचा वाक ३ मिलिमीटर असेल तर बेरीज ८.८ होते आणि वारंवारता सुमारे ६ हर्ट्झपर्यंत उतरते. तुळई हिशेबात न घेता तयार केलेले अहवाल मी पाहिले आहेत. त्यांत कागदावर माडी उत्तम ठरते आणि घरातले लोक मात्र हैराण असतात.

वाक नियमात बसतो असे इंजिनिअर सांगतात. तरीही माडी का हलते?

कारण तो नियम कंपनासाठी केलेला नाही. आयएस ८८३ या लाकडी बांधकामाच्या भारतीय मानकात वाकाची मर्यादा गाळ्याच्या २४० व्या भागाएवढी आणि ठिसूळ वस्तू पेलणाऱ्या लाकडासाठी ३६० व्या भागाएवढी आहे. ३.६ मीटरच्या गाळ्याला या मर्यादा १५ आणि १० मिलिमीटर होतात. आपल्या नमुन्याच्या खणावर राहत्या घरासाठी धरायचा २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर हा भार ठेवला तर वाकात आणखी ७ मिलिमीटरची भर पडते. एकूण १२.८ मिलिमीटर होतात, म्हणजे १५ च्या आत. खण पहिल्या मर्यादेत बसला, पण त्याची वारंवारता ७.५ हर्ट्झच राहिली. सततच्या भाराने काळानुसार वाढणारा झोल यात धरलेला नाही. तो वेगळा तपासावा लागतो.

पोलादी इमारतींसाठीच्या आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत जमिनीच्या कंपनावर स्वतंत्र परिशिष्ट आहे. लाकडासाठी आपल्याकडचे अभियंते बहुधा युरोकोडमधील पद्धतच वापरतात, आणि ते योग्यही आहे, फक्त लाकडाचे गुणधर्म आपल्या सागाचे किंवा सालाचे धरले पाहिजेत.

एक किलोन्यूटनची चाचणी म्हणजे काय?

जमिनीच्या सर्वांत नरम जागी १ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलो, इतका भार एकाच ठिकाणी ठेवायचा आणि ती जागा किती मिलिमीटर खाली जाते ते खालच्या मजल्यावरून मोजायचे. मोजण्यासाठी डायल गेज, म्हणजे बारीक सरकणे काट्याने दाखवणारे उपकरण, खालच्या जमिनीवर उभ्या केलेल्या स्वतंत्र दांड्याला लावावे. छताच्या कोणत्याही भागाला ते अडकवू नये. ब्रिटनमध्ये युरोकोड ५ वापरताना चार मीटरपर्यंतच्या गाळ्याला १.८ मिलिमीटरची मर्यादा धरतात आणि गाळा वाढला की ती कडक होत जाते.

या साध्या चाचणीतून एक फार मोलाची गोष्ट कळते. आपल्या नमुन्यातील एकट्या कडीवर सगळा भार आला तर ती सुमारे ३.५ मिलिमीटर खाली जाईल. फळ्या घट्ट असतील आणि कड्यांच्या मध्ये आडवे ठोकळे असतील, तर शेजारच्या कड्या अर्धा भार वाटून घेतात आणि वाक १.७ च्या आसपास येतो. लाकूड तेच आणि गाळाही तोच, पण एक जमीन मर्यादेबाहेर आणि दुसरी मर्यादेत. म्हणून भाराखालच्या कडीबरोबर दोन्ही बाजूंच्या कड्यांचा वाकही मोजून घ्यावा. शेजारच्या कड्या हलल्याच नाहीत तर दोष जोडणीत आहे, आणि हा दोष स्वस्तात दुरुस्त होतो.

मोबाईलवर कंपन मोजता येते का?

वारंवारता चांगली मोजता येते. त्वरणाचा आकडा मात्र सावधपणे घ्यावा. मोबाईलमधील त्वरणमापक सेकंदाला साधारण शंभर नोंदी घेतो आणि ५ ते २० हर्ट्झच्या कंपनाला तेवढ्या पुरतात. माणसाला जेमतेम जाणवणारे कंपन ०.००५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे बारीक असते; तिथे मोबाईलच्या स्वतःच्या खरखरीतून खरे कंपन वेगळे काढणे अवघड जाते. निर्णय मोठ्या खर्चाचा असेल तर भूकंपमापनाच्या जातीचा किंवा प्रयोगशाळेतील संवेदक मागवावा.

पद्धत अशी आहे. गालिचा उचलून मोबाईल खणाच्या मध्यावर उघड्या फळीवर किंवा फरशीवर पालथा न ठेवता सपाट ठेवावा आणि दुतर्फी चिकटपट्टीने बसवावा. सैल ठेवलेला मोबाईल स्वतःच थडथडतो आणि नोंद खोटी येते. पंखा बंद करावा. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाने अर्ध्या मीटरवर उभे राहून चवडे टेकलेलेच ठेवायचे, टाचा सहा-सात सेंटीमीटर उचलायच्या आणि एकदम सोडून द्यायच्या. नंतर जागचे हलायचे नाही. नोंदीत पहिली उसळी उंच दिसते आणि पुढच्या लाटा लहान होत जातात. त्या लाटा एका सेकंदात किती बसतात ते मोजले की वारंवारता मिळाली. हीच क्रिया निरनिराळ्या जागी करावी, कारण एका खणाचा आकडा शेजारच्या खणाला लागू पडेलच असे नाही. हलक्या जमिनीवर उभा असलेला माणूस स्वतःच कंपन थोडे शोषतो, म्हणून दर वेळी तोच माणूस आणि तीच जागा ठेवावी.

त्यानंतर चालण्याची चाचणी घ्यावी. एकाने खणाच्या मध्यावर खुर्चीत शांत बसावे. दुसऱ्याने कड्यांच्या दिशेने आणि मग कड्यांना आडवे, अनवाणी, निरनिराळ्या चालींनी फिरावे. चाल राखण्यासाठी मोबाईलवरचा मेट्रोनोम किंवा लेहऱ्याचे अॅप उपयोगी पडते. बसलेल्या माणसाने काय जाणवले ते लगेच लिहून ठेवावे. चालणाऱ्याला स्वतःच्या पावलाचे कंपन फारसे कळत नाही, आणि तक्रार नेहमी बसलेल्याची किंवा झोपलेल्याची असते. काचेच्या कपाटातील भांडी किणकिणली तर तेही लिहावे, कारण डोळ्यांना आणि कानांना मिळालेला पुरावा माणसाची अस्वस्थता वाढवतो.

अवमंदन म्हणजे काय आणि ते कसे काढतात?

एकदा सुरू झालेले कंपन किती लवकर विरते याचे ते माप आहे. टाचांच्या चाचणीत पाच लाटांमध्ये उंची निम्मी झाली तर अवमंदन सुमारे २.२ टक्के येते; तीन लाटांत निम्मी झाली तर ते साडेतीन टक्क्यांच्या पुढे जाते. युरोकोड ५ मध्ये दुसरी माहिती नसल्यास १ टक्का धरण्याची शिफारस आहे. भरल्या घरात कपाटे, पलंग, आडव्या भिंती आणि माणसे यांमुळे प्रत्यक्षात ते बहुधा जास्त भरते. घर रिकामे करून रंगरंगोटी केल्यावर माडी पूर्वीपेक्षा जास्त हलते असे वाटू लागते, ते यामुळेच.

किती कंपन चालते?

उभ्या दिशेच्या कंपनाला माणूस ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत जास्त संवेदनशील असतो. या पट्ट्यात ०.००५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके सरासरी-वर्गमूळ (आरएमएस) त्वरण, म्हणजे चढउतारांची एक प्रकारची सरासरी, हा पाया धरतात, आणि प्रत्यक्ष कंपन त्याच्या किती पट आहे त्यावर शेरा देतात. आयएसओ १०१३७ या इमारतींच्या कंपनांविषयीच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय मानकात सततच्या कंपनासाठी राहत्या घरात दिवसा २ ते ४ पट, रात्री १.४ पट आणि सामान्य कार्यालयात ४ पट असे गुणक सुचवले आहेत.

लाकडी माडीला हे आकडे जसेच्या तसे लावले तर बहुतेक माड्या नापास होतील, आणि तसे करणे माझ्या मते चूक आहे. घरातील चालणे सतत नसते, चालणारा आपल्याच कुटुंबातला असतो आणि त्याचे पाऊल ओळखीचे असते. तीच माडी भाड्याने देऊन दोन कुटुंबांत वाटली किंवा तिच्यावर कार्यालय थाटले की सहनशीलता एकदम घटते. म्हणून मर्यादा ठरवण्यापूर्वी त्या जागेचा वापर कोण आणि कशासाठी करणार आहे हे मालकाशी बोलून लिखित स्वरूपात निश्चित करावे.

माडीवर सिमेंटचा थर आणि टाइल घातली तर हलणे थांबेल का?

बहुधा वाढेल. हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत जास्त येतो आणि सर्वांत उशिरा, म्हणजे काम झाल्यावर, येतो. आपल्या नमुन्याच्या खणावर ५० मिलिमीटरचा माल आणि टाइल घातली तर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलोची भर पडते. वाक ९.२ मिलिमीटरवर जातो आणि वारंवारता ७.५ वरून ५.९ हर्ट्झवर उतरते. पूर्वी पावलाचा चौथा अंश जुळत होता. आता सेकंदाला दोन पावलांच्या चालीचा तिसरा अंश जुळतो, आणि तिसरा अंश चौथ्यापेक्षा जोरकस असतो. वजनामुळे प्रत्येक धक्क्याचा परिणाम काही अंशी कमी होतो हे खरे, परंतु अनुनाद त्या लाभावर पाणी फिरवतो. शिवाय लाकडाच्या हालचालीने टाइलच्या सांध्यांना चिरा पडतात, आणि त्या चिरांतून झिरपलेले पाणी फळ्यांवर साचते.

मग जुना थर काढूनच टाकावा का? तेही सरसकट नको. थर काढला की याच खणाची वारंवारता १५ हर्ट्झच्या पुढे जाते आणि अनुनाद संपतो, पण ४० किलोची हलकी जमीन प्रत्येक पावलाला टणकन प्रतिसाद देते आणि खालच्या खोलीत पावलांचा आवाज ढोलासारखा घुमतो. ताठपणा, वस्तुमान आणि अवमंदन या तिन्हींचा मेळ बसवणे हेच खरे काम आहे. अनेकदा थर अर्धा कमी करून त्याजागी स्क्रूने घट्ट बसवलेली प्लायवूडची पाटणी घालणे हा मधला मार्ग लागू पडतो.

दिवाणखान्यातील झोपाळ्याने माडी हलते का?

बडोद्यातल्या मराठी घरांनी गुजरातकडून मनापासून घेतलेली वस्तू म्हणजे झोपाळा, आणि तो बहुधा थेट तुळईला टांगलेला असतो. २.२ मीटर लांबीच्या साखळीच्या झोपाळ्याला एक झोका पूर्ण करायला सुमारे तीन सेकंद लागतात. ही गती जमिनीच्या वारंवारतेच्या मानाने इतकी मंद आहे की अनुनादाचा प्रश्न येत नाही. प्रश्न भाराचा आणि जोडणीचा आहे. झोका दोन्हीकडे ३० अंशांपर्यंत गेला तर तळाशी येताना साखळीवरचा ताण स्थिर वजनापेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो, आणि दोन्ही टोकांना वजनाच्या सुमारे ४३ टक्के इतकी आडवी ओढ आलटून पालटून बसते. वर्षानुवर्षांच्या या ओढीने कडे सैल होते, तुळईतील भोक लंबगोल होते आणि तुळई टेकूवर किंचित फिरू लागते. मग चालतानाही खडखड जाणवते आणि ठपका माडीवर येतो. कड्याभोवती लाकडाचा ताजा भुगा किंवा घासल्याची काळसर चकाकी दिसली तर झोपाळा उतरवून जोडणी आरपार बोल्टने आणि दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्यांनी करून घ्यावी.

माडीवर भोंडला, गरबा किंवा कथकाचा वर्ग घेता येईल का?

तालात उड्या मारणारा किंवा पाय आपटणारा समूह हा चालणाऱ्या एका माणसाहून सर्वस्वी वेगळा भार आहे. सगळ्यांची पावले एका ठेक्यात पडतात, ठेका सेकंदाला दोन ते पावणेतीनच्या दरम्यान असतो, आणि दुसरा-तिसरा अंशही जोरकस असतो. नमुन्यातील ५.९ हर्ट्झची टाइल घातलेली जमीन घेतली तर सेकंदाला तीनच्या जवळ गेलेला द्रुत ठेका दुसऱ्या अंशानेच तिला गाठतो. इथे प्रश्न सोयीचा न राहता सुरक्षिततेचा होतो. भोंडल्याची पाचसहा मुलींची फेरी बहुतेक माड्या सहन करतात. पण गरबा आणि कथकाचा नियमित वर्ग तळमजल्यावरच घ्यावा, किंवा त्या वापरासाठी जमिनीची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.

मोजणी कोणत्या ऋतूत करावी?

शक्य असल्यास दोनदा, मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये. उन्हाळ्यात लाकूड आक्रसते, खिळे आणि सांधे सैल होतात, फळ्या करकरतात. पावसाळ्यात लाकूड फुगून सांधे आवळले जातात, पण ओलाव्यामुळे लाकडाचा स्वतःचा ताठपणा थोडा घटतो. एकदाच मोजणे शक्य असेल तर नोंदीत महिना आणि ओलावामापकाने घेतलेला लाकडाचा ओलावा अवश्य लिहावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मोजणीशी तुलना करता येते.

करकर आणि कंपन एकच आहेत का?

नाहीत. करकर हे फळी आणि खिळा यांच्या घासण्याचे लक्षण आहे. फळ्या स्क्रूने आवळल्या की ती थांबते. कंपन तेवढ्याने थांबेलच असे नाही.

रस्त्यावरून बस गेली की घर थरथरते. त्याचे काय?

ते कंपन रस्त्याखालच्या मातीतून घराच्या पायाकडे आणि भिंतींतून वर येते, म्हणून त्याची मोजणी माडीच्या मध्यावर आणि पायाजवळ एकाच वेळी करावी. जर्मन मानक डीआयएन ४१५०-३ मध्ये वारसा मूल्याच्या संवेदनशील इमारतींसाठी पायाजवळ १० हर्ट्झखालील कंपनाला ३ मिलिमीटर प्रति सेकंद ही वेगाची मर्यादा आहे. पायाजवळचे कंपन अगदी कमी आणि माडीवरचे बरेच जास्त आढळले, तर दोष रस्त्यापेक्षा माडीच्या लवचीकपणात शोधावा. रस्त्यावर घरासमोर खड्डा असेल तर मात्र तो बुजवून घेण्यासाठी आधी अर्ज करावा. बसच्या धक्क्याचे मूळ पुष्कळदा तिथेच असते.

पूर्वी न हलणारी माडी आता हलू लागली आहे. नेमके कुठे पाहावे?

सर्वांत आधी भिंतीत गेलेली टोके पाहावीत, विशेषतः न्हाणीघर, मोरी आणि पावसाच्या पन्हळीच्या बाजूची. सागाचा गाभा टिकाऊ असतो, पण कडेचा पांढरा भाग वाळवीला आणि बुरशीला लवकर बळी पडतो. टोच्याने टोक दाबून पाहावे. निरोगी सागात टोच्याचे टोक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरते आणि बाहेर काढताना लाकूड त्याला धरून ठेवते. सडलेल्या टोकात तो लोण्यात सुरी शिरावी इतक्या सहज आत जातो आणि बाहेर येताना ओलसर तपकिरी भुकटी घेऊन येतो. वरचा तेलरंग मात्र त्या जागीही शाबूत असतो, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. हातोडीने ठोकून ऐकल्यास पोकळ जागेचा आवाज बद्द येतो. शंका राहिलीच तर बारीक भोक पाडत लाकडाचा विरोध मोजणारे उपकरण आणावे.

वारंवारतेच्या जुन्या नोंदी असतील तर त्या इथे फार उपयोगी पडतात. वजन तेच असताना वारंवारता १० टक्क्यांनी घटली, तर ताठपणा सुमारे १९ टक्क्यांनी घटला असा त्याचा अर्थ होतो. डोळ्यांना दिसण्याआधी नुकसान पकडण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही, आणि म्हणूनच माडी हलत नसतानाही एकदा मोजून आकडा जपून ठेवावा, असे मी प्रत्येक वाडामालकाला सांगतो.

दुरुस्तीसाठी काय करावे?

ते मोजणीतून कोणता दोष निघाला त्यावर ठरते. एक किलोन्यूटनच्या चाचणीत शेजारच्या कड्या भार घेत नसतील, तर कड्यांच्या मध्ये जुन्या सागाचे आडवे ठोकळे घट्ट बसवावेत आणि फळ्या स्क्रूने आवळाव्यात. याने वारंवारता फारशी बदलत नाही, तरी पावलाखालचा दबकेपणा जातो, आणि पुष्कळ घरांत तेवढेच पुरते.

वारंवारताच कमी असेल तर ताठपणा वाढवावा लागतो. खालच्या खोलीत चालत असेल तर गाळ्याच्या मध्यावर नवी तुळई घालणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. पुरेशा ताठ तुळईने गाळा निम्मा झाला की कड्यांची वारंवारता जवळजवळ चौपट होते. मात्र नव्या तुळईच्या टोकांचा भार भिंतीतून किंवा खांबातून पायापर्यंत पोहोचतो का ते तपासलेच पाहिजे. छताची उंची कमी पडत असेल तर कडीच्या बाजूला पोलादी पट्टी किंवा तेवढीच दुसरी कडी बोल्टने जोडता येते. वरून प्लायवूड घालायचे झाल्यास आयएस १०७०१ च्या प्रतीचे बांधकामी प्लायवूड वापरावे आणि स्क्रू कडीपर्यंत खोल जातील असे पाहावे, नाहीतर ते केवळ वजन ठरते.

लाकडावर स्क्रू ठोकून काँक्रीटचा एकजीव थर ओतण्याची पद्धत युरोपात रूढ आहे. बडोद्यातील मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या विटांच्या जुन्या भिंतींवर ती मी सुचवत नाही. वरच्या मजल्यावर वाढवलेले वजन भूकंपात भिंतींवर उलटते. २६ जानेवारी २००१ चा भूकंप गुजरातने अनुभवला आहे. कंपनाच्या मोजणीतून भूकंपाची सुरक्षितता कळत नाही, तिची तपासणी वेगळीच करावी लागते.

तांबेकर वाड्याजवळ आमचे घर आहे. माडीच्या दुरुस्तीला परवानगी लागते का?

रावपुऱ्यातील तांबेकर वाडा, म्हणजे बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचे निवासस्थान, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा भाग निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंतचा भाग नियंत्रित असतो. निषिद्ध भागात नवे बांधकाम करता येत नाही, पण जुन्या घराच्या डागडुजीला आणि नूतनीकरणाला सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने वाव आहे. अर्जासोबत माडीचा नकाशा, कड्यांची मापे, मोजलेली वारंवारता, टोकांची छायाचित्रे आणि सुचवलेल्या जोडणीचे रेखाचित्र जोडावे. मोबाईलने किंवा टोच्याने केलेल्या तपासणीत काही बांधले जात नाही, त्यामुळे आपल्या घरात ती परवानगीची वाट न पाहता करून ठेवावी.